थर्मामीटर हलत नाही तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीचा फोन आला तेव्हा मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ हा विषय सुचवला होता. मी म्हटलं, त्यावर आता आपल्या घरातली आठवीतली मुलंसुद्धा बोलतात. मला त्याऐवजी बक्षिसांबद्दल बोलू द्या. आपल्या शाळेत कार्यालयाबाहेर दहावीत पहिल्या आलेल्यांचा फळा आहे. माझं नाव त्यावर नाही, हे माझ्या बॅचचे लोक तुम्हाला आनंदाने सांगतील. पण फळ्यावरची नावं वाचताना मला नेहमी वाटतं, की यांचं पुढे काय झालं? सोळाव्या वर्षी आपण टाळ्या वाजवल्या. त्यानंतर थेट साठाव्या वर्षी, माणूस मोठा झाला की, शाल आणि श्रीफळ. मधल्या वर्षांचं काय? आज मी त्या मधल्या वर्षांबद्दल बोलणार आहे, आणि शेवटी आपल्या संघापुढे एक सूचना ठेवणार आहे.

सुरुवात आपल्याच प्रयोगशाळेतून करते. नववीत बाईंनी परीक्षानळीत मोरचुदाचे निळे खडे घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरले होते. आठवतंय? खडे हळूहळू पांढरे पडले, नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले. मग बाईंनी नळी थंड होऊ दिली, दोन थेंब पाणी टाकलं, आणि पांढरी पूड पुन्हा निळी झाली. आम्ही ‘जादू!’ म्हणून ओरडलो. बाई म्हणाल्या, ‘जादू नाही, हिशोब आहे.’ पंचवीस ग्रॅम मोरचुदात नऊ ग्रॅम पाणी असतं. ते निघून गेलं की रंग जातो.

बाईंनी न सांगितलेली गोष्ट मला फार उशिरा कळली. ते पाणी एकदम जात नाही. मोरचुदाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे पाच रेणू असतात. नाजूक तराजूवर ठेवून तो सावकाश तापवला, तर आधी दोन जातात, मग आणखी दोन, आणि पाचवा मात्र अडून बसतो. तो २०० अंश सेल्सिअसच्या पुढे कुठेतरी सुटतो. वजनाचा आलेख काढला तर जिन्याच्या पायऱ्या दिसतात. पदार्थ तापवायचा, आणि तापताना त्याचं वजन किती घटतं, तो उष्णता किती घेतो किंवा किती सोडतो, हे बारकाईने मोजायचं, या शास्त्राला औष्णिक विश्लेषण आणि उष्मामापन म्हणतात. इंग्रजीत थर्मल ॲनालिसिस आणि कॅलरीमेट्री. आपल्या पुस्तकातला तो तांब्याचा कॅलरीमापी, ढवळणी आणि लाकडी पेटी आठवा. त्याचंच हे आजचं रूप.

आज या उपकरणात दोन बोटाच्या पेरापेक्षा लहान ॲल्युमिनियमच्या डब्या असतात. एकीत काही मिलिग्रॅम पदार्थ, दुसरी रिकामी. दोन्ही सारख्याच वेगाने तापवायच्या आणि दोन्हींना लागणाऱ्या उष्णतेतला फरक नोंदवायचा. फरक नसेल तर आलेखात सपाट रेघ येते, पदार्थात काही घडलं तर रेघेला उंचवटा किंवा खळगा येतो. त्याला तिथली माणसं ‘पीक’ म्हणतात. आपल्याकडे पीक म्हणजे भाताचं, त्यांच्याकडे आलेखावरचं. पण दोन्हींची वाट पाहावी लागते.

हे शास्त्र आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते, कारण ते तेल साधारण २४ अंशांच्या आसपास वितळतं. टाचांना लावायचं कोकमाचं तेल मात्र उन्हाळ्यातही घट्ट राहतं. कुठलं तेल कुठे आणि कसं वितळतं, याचा आलेख म्हणजे त्याची ओळख. भेसळ केली की तो बदलतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात ज्यांनी काम केलं आहे त्यांना माहीत आहे, की प्लास्टर भिजवून साच्यात ओतलं की ते घट्ट होताना हाताला गरम लागतं. जिप्समचा दगड साधारण १५० अंशांपर्यंत भाजून त्यातलं तीन-चतुर्थांश पाणी काढलं की ते प्लास्टर बनतं. आपण पाणी परत दिलं की ते पुन्हा जिप्सम होतं आणि उष्णता बाहेर टाकतं. आपला मोरचुदाचाच प्रयोग, फक्त तो तिथे बाप्पाच्या रूपात उभा राहतो. आणि शाडूची आठवण निघालीच आहे तर सांगते, या शास्त्राच्या इतिहासाचं पहिलं पान मातीचंच आहे. १८८७ मध्ये आंरी ल शातलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या चिकणमाती तापवून, त्या कुठल्या तापमानाला कशा वागतात यावरून त्यांची ओळख पटवायचा प्रयत्न केला.

ल शातलिए तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षांचे होते. त्याच्या शंभर वर्षं आधी, १७८२-८३ च्या हिवाळ्यात, लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी बर्फाचा कॅलरीमापी वापरला. त्यात गिनीपिग ठेवलं, किती बर्फ वितळला ते मोजलं, आणि श्वास घेणं म्हणजे एक प्रकारचं सावकाश ज्वलन आहे या निष्कर्षाला आधार मिळवला. त्या वेळी लाव्हाझिए एकोणचाळीसचे होते आणि लाप्लास तेहेतीसचे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांमुळे आपल्याला शास्त्रज्ञ म्हणजे पांढऱ्या केसांचा माणूस वाटतो. काम मात्र बऱ्याचदा काळ्या केसांत झालेलं असतं.

आता जरा घराजवळ येऊ. उरणच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँचने जाताना किंवा घारापुरीच्या डोंगरावरून पाहिलं की खाडीपलीकडे तुर्भ्याची टेकडी दिसते. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या एस. आर. धारवाडकर आणि एम. डी. कारखानावाला यांनी तापवताना वजन घटण्याच्या आलेखावरून अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा काढण्याची एक सुधारित रीत मांडली. हॉरोविट्झ आणि मेट्झगर यांची १९६३ ची जी पद्धत होती, तिच्यातली ही सुधारणा. औष्णिक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात ती छापून आली, आणि आजही जगभरच्या शोधनिबंधांत ‘धारवाडकर–कारखानावाला पद्धत’ असा तिचा उल्लेख होतो. समोरच्या किनाऱ्यावरून निघालेली दोन नावं एका समीकरणाला चिकटली, आणि ते आपल्या शाळेत मला कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांनाही ते कुणी सांगितलं नसणार. इंडियन थर्मल ॲनालिसिस सोसायटी ही या विषयाची देशपातळीवरची संस्था त्याच केंद्राच्या आधाराने चालते. दर दोन वर्षांनी ‘थर्मान्स’ नावाचं त्यांचं चर्चासत्र भरतं, आणि तिथे विद्यार्थी आपापली पोस्टर्स घेऊन उभे असतात.

त्या पोस्टरांपाशी उभ्या राहिलेल्या एका मुलीबद्दल मला बोलायचं आहे. ती आपल्याच शाळेची, माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान. नाव घ्यायचं नाही असं तिने मला बजावलं आहे, त्यामुळे ओळखलंत तरी गप्प बसा.

मी ज्या गटात काम करते तो गट प्रयोगशाळेतल्या उपकरणांकडून येणारे आकडे साठवण्याचं आणि त्यांचे आलेख काढण्याचं सॉफ्टवेअर लिहितो. एका संध्याकाळी तिचा फोन आला. नंबर शाळेच्या ग्रुपवरून मिळवला होता. ‘ताई, तुमचं सॉफ्टवेअर माझा उंचवटा खातंय,’ हे तिचं पहिलं वाक्य. मी अर्थातच आधी सॉफ्टवेअरची बाजू घेतली. म्हटलं, डबी नीट बंद केली नसशील, नमुना ओला असेल. ती शांतपणे म्हणाली, ‘मूळ आकडे पाठवते. तुम्हीच बघा.’

पाहिले. रासायनिक कारखान्यातून तपासायला आलेला एक पदार्थ होता. तो कुठल्या तापमानाला आपणहून उष्णता सोडू लागतो, हे तिला शोधायचं होतं. मोठं शिखर स्पष्ट होतं. पण त्याच्या बरंच आधी एक बारीकसा फुगवटा होता, आणि आमचं सॉफ्टवेअर आपल्या मनाने आलेखाखाली पायारेषा आखताना तो फुगवटा सपाट करून टाकत होतं. तिने काय केलं होतं ऐका. रिकाम्या डब्या पुन्हा पुन्हा तापवून उपकरणाचा स्वतःचा खोट तपासला. मिनिटाला दहा अंशांऐवजी दोन अंशांच्या वेगाने तापवून पाहिलं. कारण घाईने तापवलं की घडामोड आहे त्यापेक्षा उशिरा, वरच्या तापमानाला दिसते, आणि सावकाश तापवलं की ती आधी दिसते. नमुना बदलला, डबी बदलली. फुगवटा तिथेच. म्हणजे तो खरा होता.

याचं महत्त्व रोहा, महाड, पाताळगंगा, थळ या बाजूला नोकरी करणाऱ्या इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. टाकी थंड करण्याची ताकद मात्र तशी वाढत नाही. एका मर्यादेपलीकडे उष्णता बाहेर काढण्यापेक्षा तयार होण्याचा वेग जास्त होतो, आणि मग कुणाच्याच हातात काही राहत नाही. ती मर्यादा कुठे आहे हे टाकीजवळ उभ्या असलेल्या कामगाराला दिसत नाही. ते काही मिलिग्रॅमच्या डबीत, आलेखाच्या एका बारीक फुगवट्यात दिसतं. तो पाहणारं माणूस कंटाळलेलं नसावं, एवढीच अपेक्षा असते.

अहवाल गेला. सुरक्षित तापमानाचा आकडा खाली आणला गेला. आम्हीही सॉफ्टवेअर सुधारलं. आता ते पायारेषा आखण्याआधी माणसाला विचारतं. अहवालावर सही वरिष्ठांची होती, तिचं नाव आत कुठेही नव्हतं. तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती. मी विचारलं, पुढे काय ठरवलंयस? म्हणाली, ‘बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणलाय. घरी विचारतात, तू दिवसभर नक्की करतेस काय, आणि मला सांगता येत नाही.’

त्या रात्री मला आपल्या पुस्तकातला ‘अप्रकट उष्मा’ आठवला. शून्य अंशाच्या बर्फाला उष्णता देत राहा. एका ग्रॅमला ८० कॅलरी लागतात, आणि त्या सगळ्या काळात थर्मामीटर शून्यावरून हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं काही घडतच नाहीये. सगळी उष्णता आतल्या बांधणीत खर्च होत असते. संशोधनातली पहिली सात-आठ वर्षं अशीच असतात. उपकरण समजून घेणं, चुका ओळखणं, शंभर प्रयोगांतले नव्वद फेकून देणं. बाहेरचा आकडा हलत नाही. आणि नेमका याच काळात दिवा काढून घेतला तर? बर्फ अर्धवट वितळलेला राहतो.

सुदैवाने काही महिन्यांनी एका चर्चासत्रात तिने एक पोस्टर लावलं. विषय वेगळा, पण तीच चिकाटी. त्याला बक्षीस मिळालं. एक प्रमाणपत्र आणि मोबाइलही येणार नाही एवढी रक्कम. पण तिच्या बाबांनी ते प्रमाणपत्र वाडीतल्या घराच्या ओटीवर लावलं आणि पहिल्यांदाच विचारलं, ‘यात लिहिलंय ते काय आहे, सांग बघू.’ तिने मोरचुदापासून सुरुवात केली. फॉर्म पुढच्या वर्षी भरते म्हणाली. याला आता तिसरं वर्ष चालू आहे, आणि ती पीएच.डी. करते आहे.

बक्षिसाने तिला हुशार केलं नाही. ती आधीच होती. तिचं काम पाहणारी, त्यातलं कळणारी माणसं आहेत, एवढंच तिला कळलं. आणि ते वेळेवर कळलं.

ही गोष्ट जगाने ओळखलेली आहे. औष्णिक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची सुरुवात १९६५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला झाली. तरुण शास्त्रज्ञांसाठी त्याचा स्वतंत्र पुरस्कार आहे. अमेरिकेतल्या कॅलरीमेट्री कॉन्फरन्सचा स्टिग सन्नर यांच्या नावाचा पुरस्कार चाळिशीच्या आतल्यांसाठी असतो. आपल्याकडे शांती स्वरूप भटनागर यांच्या नावाच्या पुरस्काराला ४५ वर्षांची मर्यादा आहे. या सगळ्याचं मला कौतुक आहे. तरी दोन गोष्टी खटकतात.

एक, वयाची अट. आपल्या बॅचमधल्या किती मुली एम.एस्सी. झाल्या आणि मग बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, नवऱ्याची बदली यात पाच-सात वर्षं गेली? त्या परत येतात तेव्हा कामाने नवख्या असतात आणि वयाने मोठ्या. त्यांच्यासाठी सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने महिला शास्त्रज्ञ योजना आणली, हे चांगलं झालं. पण बहुतेक बक्षिसांचे नियम अजून जन्मतारीखच विचारतात. बर्फ वितळायला घेतल्यापासून किती वेळ झाला ते मोजावं. बर्फाचं वय काढून उपयोग नाही.

दोन, मोजण्याची रीत. किती निबंध छापले, कुठे छापले, हे मोजणं सोपं आहे. रिकामी डबी किती वेळा तापवली हे कुणी विचारत नाही. आकडे मोजून बक्षीस द्यायचं तर ते माझं सॉफ्टवेअरही देईल. आणि ते बारीक उंचवटे खातं, हे तुम्ही आत्ताच ऐकलंत.

आता माझी सूचना. आपल्या संघाकडे दहावीच्या बक्षिसांसाठी ठेव आहे. ती तशीच राहू द्या. तिच्या शेजारी आपण एक नवीन, छोटा सन्मान सुरू करू. आपल्या शाळेचा कुणीही माजी विद्यार्थी, जो प्रयोगशाळेत कामाला लागून आठ वर्षांहून कमी झाली आहेत, मधला खंड सोडून. विद्यापीठात असो, कारखान्याच्या तपासणी विभागात असो, रक्ताच्या लॅबमध्ये असो की माती परीक्षणात. अर्ज एका पानाचा, मराठीत, आणि त्यात एकाच प्रश्नाचं उत्तर: तुम्ही असं काय पाहिलंत जे सहज नजरेतून सुटलं असतं, आणि ते खरं आहे याची खात्री कशी केलीत? निवड करायला आपल्यातले तीन जण पुरेत, त्यातला एक तरी त्या कामातला असावा. सोबत प्रयोगाची वही आणायची. खाडाखोड असेल तर उत्तम.

रक्कम मोठी नको, पण रिकामं पाकीटही नको. पहिल्या पाच वर्षांची रक्कम मी आणि माझ्या बॅचच्या चौघी मिळून देऊ. हे आम्ही काल रात्री जेवताना ठरवलं आहे, त्यामुळे आता त्यांना माघार घेता येणार नाही.

आणि एक अट माझी. सन्मान मुंबई-पुण्याच्या सभागृहात करायचा नाही. तो इथे, प्रयोगशाळेत, नववी-दहावीच्या मुलांसमोर करायचा, आईवडिलांना पुढच्या बाकावर बसवून. सन्मान घेणाऱ्याने मुलांना एक प्रयोग करून दाखवायचा. त्याने वडिलांना सांगता येईल अशा शब्दांत आपलं काम सांगायचं. मुलांना कळू दे, की त्या परीक्षानळीपाशी सुरू झालेला रस्ता खरोखर कुठेतरी जातो, आणि त्या रस्त्यावर आपल्याच गावची, अजून प्रसिद्ध नसलेली माणसं चालत आहेत.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेते आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा उपद्रव नको, म्हणून ती कुलाब्याहून इकडे आणली. शंभरहून अधिक वर्षं तिथे रोज कुणीतरी शांतपणे मोजतं आहे, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. मोजणाऱ्या माणसांचा हा किनारा आहे. निदान आपल्या शाळेच्या तरी माणसांची नावं आपल्याला वेळेत माहीत असावीत, एवढंच माझं मागणं आहे.

बाई समोर बसल्या आहेत. बाई, त्या दिवशी तुम्ही मोरचूद पुन्हा निळा करून दाखवला नसता तर मी आज इथे ‘आयटी क्षेत्रातील संधी’ सांगत असते, आणि सगळे झोपले असते.

सूचनेवर संघाच्या सभेत विचार व्हावा अशी विनंती करते आणि थांबते.